मारेगावच्या वावरातला इंग्रजीचा तास

यवतमाळची एसटी मारेगावला पोचली तेव्हा ऊन चढले होते. कापसाचा भाव पडत चाललेली, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची ती वर्षे. त्या दिवसांत बाहेरचा बातमीदार दिसला की या भागातले लोक सावध होत. गावच्या वाटेवर भेटलेल्या शांताबाईंनी तर सरळच विचारले.

"पेपरवाले काय भाऊ? कोनी मेलं नाही आमच्या गावात. कायले आले?"

इंग्रजीचा वर्ग पाहायला आलो, म्हटल्यावर त्या हसल्या. "मंग चाला वावरात (शेतात). मीबी शिकून राह्यली."

वर्ग घेणारी वैशाली त्या वावराच्या मालकांची सून, बी.ए. झालेली. दुसऱ्या दिवशी वणीच्या एका शाळेत तिला मुख्याध्यापकांसमोर सर्वनामांचा पाठ द्यायचा होता. पाठ जमला तर नोकरी. सरावासाठी तिने कापूस वेचणाऱ्या बायकाच विद्यार्थी म्हणून धरल्या होत्या. कमरेला ओटी बांधलेल्या बायका 'आय' म्हणताना छातीवर हात ठेवत आणि 'शी' आली की शांताबाईंकडे बोट दाखवत.

"माह्याकडंच काहून?"

"तूच वेचनीत मागं राह्यली म्हनून!"

'ही'साठी मला उभे केले. ते सोपे गेले.

"पाव्हन्याचं सोड," शांताबाई म्हणाल्या. "उद्या हेडमास्तर बसंन समोर. त्याच्याकडं बोट करशीन का? आधी घरच्या मोठ्या मानसावर करून पाह्य."

धुऱ्यावर (बांधावर) वैशालीचे सासरे नामदेवराव बसले होते. वैशालीने पदर सावरला आणि तास थांबवला. त्या घरात सून सासऱ्यांशी थेट बोलत नसे. जेवायच्या वेळी ती मला म्हणाली, "भाऊ, मामाजींना सांगा, भाकर वाढली." मामाजी शेजारीच होते. तेही मलाच म्हणाले, "तिले सांगा, बसलो."

भाकरीसोबत चून (पिठले) आणि कच्चा कांदा होता. जेवण होताच नामदेवराव उठले आणि सुनेसमोर सरीत जाऊन उभे राहिले.

"तिले सांगा, करू दे बोट. म्हाताऱ्याचं काई झिजत नाही."

वैशालीचा हात वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. "ही इज माय फादर-इन-लॉ. ही इज अ फार्मर." बायकांनी एका सुरात तेच म्हटले. नामदेवराव फोटोला उभे राहावे तसे ताठ.

"ही इज ओल्ड!" शांताबाई मागून ओरडल्या.

मी अर्थ सांगितला. "म्हातारी तू!" नामदेवराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी वैशाली, नामदेवराव आणि मी वणीला निघालो. कोळशाच्या ट्रकांच्या रांगेत बस अडकली आणि वैशालीच्या धुतल्या साडीवर काळी धूळ बसली. धूळ झटकतच ती शाळेत शिरली. मी आणि नामदेवराव फाटकाशी थांबलो. ते फाटकाची कडी उघडत होते, लावत होते.

वैशाली बाहेर आली. चेहऱ्यावरून काही कळेना.

"तिले विचारा," नामदेवराव मला म्हणाले.

मी विचारायच्या आत ती त्यांच्याकडे वळली. "मामाजी, झालं. हेडसरांकडंच बोट केलं. हसले. सोमवारपासून या म्हणाले."

नामदेवरावांनी सवयीने माझ्याकडे पाहिले. मी बाजूला सरलो. मग ते स्वतःच म्हणाले, "चाल पोरी, च्या घे."

टपरीवर दोघांचे बोलणे सुरू झाले. पगार, बसचा पास, सकाळचा स्वयंपाक. मला कोणी मध्ये घेतले नाही. परतीची बस लागली होती, तिच्यात मी एकटाच चढलो. आपली गरज उरली नाही, याचा आनंद बातमीदाराला क्वचित होतो. मला तो यवतमाळपर्यंत पुरला.