मागच्या डाव्या कोपऱ्यातली पट्टी

अर्डिस त्वेटने आठ दिवसांत तिसऱ्यांदा त्या विमानाच्या इंजिनावरचं झाकण उघडलं आणि आतल्या नव्याकोऱ्या केशरी रबरी पट्ट्या बघून तिचं डोकंच सणकलं. एकेक पट्टी तिने स्वतः कापली होती. कुठे भेग नाही, पट्टी पत्र्याला जखडणारा एक रिव्हेट ढिला नाही. तरी मागचा डावा सिलिंडर तापतच होता.

"पुन्हा चारशे पस्तीस डिग्री," विमानाचा मालक वेंडेल क्राउस खाली उतरता उतरताच म्हणाला. "बाकीचे पाच शहाण्यासारखे वागतात. हा एकटाच भडकतो."

"ऐकू येतं मला. ओरडू नकोस."

"मी कुठे ओरडतोय? कान बसलेत माझे. आणि अर्डिस, तुझ्या नव्या पट्ट्यांपेक्षा माझी चिकटपट्टी बरी होती बरं का. तेव्हा चारशे वीसच्या वर जात नव्हता."

अर्डिसने हातातला पाना पेटीत टाकला. नाहीतर तो त्याच्या दिशेने गेला असता.

वेंडेल गुरांचा डॉक्टर होता. वय अडुसष्ट, अंगाने आडवा, आणि त्याच्या सदऱ्याला जंतुनाशकाचा वास कायमचा चिकटलेला. व्हिटेकर गावाच्या आसपास शंभर मैलांत त्याच्याशिवाय दुसरा गुरांचा डॉक्टर नव्हता. त्यात त्या जुलैत कुरणांवर काळपुळीची साथ आली. उत्तरेकडच्या दोन रँचवर गुरं उभ्या उभ्या कोसळली आणि चहूकडून लसीसाठी फोन सुरू झाले. गाडीने एका रँचवर पोचायला खडीच्या रस्त्यावरून तीन तास लागत. विमानाने चाळीस मिनिटं. म्हणून वेंडेलला विमान हवं होतं, आणि आजच्या आज हवं होतं.

ते आपल्या हँगरमध्ये आलं तेव्हाची त्याची दशा अर्डिस विसरली नव्हती. लहान विमानाच्या इंजिनाला थंड ठेवायला पाणी नसतं, वारा असतो. नाकाजवळच्या दोन भोकांतून तो आत शिरतो. त्याने सिलिंडरांच्या मधूनच खाली जावं म्हणून इंजिनाभोवती पत्र्याच्या भिंती उभ्या केलेल्या असतात. त्या भिंती आणि वरचं झाकण यांच्यात बोटभर फट राहते, ती या रबरी पट्ट्यांनी बुजवतात. पट्टी पुढे, वाऱ्याकडे झुकलेली हवी. मग वाराच तिला झाकणावर दाबून धरतो. ती मागे कलंडली की वारा वरच्या वर पळून जातो आणि सिलिंडर आपला भाजत बसतो.

वेंडेलच्या पट्ट्या वाळून कडक झाल्या होत्या, लाटांसारख्या वाकल्या होत्या. जिथे फाटल्या तिथे त्याने गोठ्यात वापरायची रुपेरी चिकटपट्टी गुंडाळली होती.

"जनावराची जखम अशीच बांधतोस का रे?" तिने विचारलं होतं.

"जनावर तक्रार करतं. इंजिन करत नव्हतं."

"करत होतं. तूच काट्याकडे बघत नव्हतास."

मग चार दिवस ती त्या इंजिनावर वाकून होती. जुने रिव्हेट एकेक करून ड्रिलने उडवायचे, त्यातला एकही कण आत पडू द्यायचा नाही. नाश्त्याच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यातून प्रत्येक तुकड्याचा नमुना कापायचा, बसवून बघायचा, पुन्हा कापायचा. झाकणाला कुठेच सरळ रेषा नव्हती. इकडे गोलाई, तिकडे खाच. एक कोपरा जमला की दुसरा बिघडायचा. पुठ्ठ्यावर नीट बसणारी पट्टी रबरात कापली की फुगून बसायची. पाचव्या दिवशी तिने ते विमान समाधानाने वेंडेलच्या हवाली केलं आणि तासाभरात तो सिलिंडर आधीपेक्षा जास्त तापवून परत आला.

दुसऱ्या खेपेला तिने पट्ट्यांच्या कडांना खडू चोळला, झाकण लावलं, पुन्हा काढलं. पट्टी जिथे टेकते तिथे झाकणाला आतून पांढरी रेघ उमटते. डाव्या बाजूला वीतभर रेघ फिकट होती. तिने तेवढी पट्टी बदलली. रेघ सलग आली. विमान उडालं. चारशे पस्तीस.

मग तिला काट्याचाच संशय आला. तिने तापलेल्या आणि थंड सिलिंडरच्या उष्णता मोजणाऱ्या तारांची अदलाबदल केली. काटा खोटं बोलत असता, तर तारेबरोबर गरमीही दुसऱ्या सिलिंडरवर गेली असती. ती तिथेच राहिली. काटा प्रामाणिक होता. म्हणजे चूक तिचीच होती, आणि ती कुठे आहे हे काही केल्या दिसत नव्हतं.

"हे बघ," त्या दिवशी वेंडेल म्हणाला, "मी नाक खाली ठेवून हळूहळू वर चढतो. नाही तापत इतका. विमान ठीक आहे म्हणून तू सही कर, मी निघतो. लिंडहोमच्या रँचवर साडेचारशे गुरं ताटकळलीत."

"आणि वाटेत सिलिंडर फुटला तर? तुला खाली कोण उतरवणार, लिंडहोमच्या गायी?"

"चाळीस वर्षं उडवतोय मी."

"नशिबाने उडवतोयस. सही होणार नाही. दुसरीकडे ने तुझा हा पत्रा."

"दुसरा मेकॅनिक दीडशे मैलांवर आहे. आणि तिथे तुझ्याइतकं तिखट बोलणारं कोणी नाही. मला करमणार नाही." एवढं म्हणून तो हसला, पण गाडीचं दार मात्र त्याने दणकन आपटलं. तीन तास धूळ खायला निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन गार होतं आणि हँगरमध्ये ती एकटीच. मागचा डावा कोपरा पहिल्यापासून अवघड होता. तिथे दोन पट्ट्या एकमेकींवर चढतात, समोर तारांचा जाडजूड जुडगा, मागे इंजिन आणि बैठकीमधली भिंत. झाकण काढलेलं असलं की तिथे सगळं ठाकठीक दिसायचं. लावलेलं असताना झाकणातल्या तेल ओतायच्या झडपेतून आरसा घालून बघावं, तर मध्ये तारा. तिने झाकण लावलं आणि त्याच झडपेतून हात घातला. चाचपडून बघायचं होतं. मनगट वळलं, पण अंगठ्याच्या बुडाशी अशी कळ आली की तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. हात बाहेर काढताना झडपेच्या कडेने सोलवटला.

ही कळ नवी नव्हती. दोन वर्षं तिने ती लपवली होती. बरणीचं झाकण उघडत नाही म्हणून लोणच्यातली काकडी खाणं सोडलं. पाने जाड कापडात गुंडाळून धरायला लागली. पंचविसाव्या वर्षी ती या धावपट्टीवर आली ती शेतांवर औषध फवारणाऱ्या वैमानिकाची बायको म्हणून. नवरा हवेत असायचा आणि फवारणीच्या नळ्या, इंजिनाचं तेल, पंखांवरचं फाटलेलं कापड हे सगळं तिच्या वाट्याला यायचं. पुढे नवरा ॲरिझोनाला गेला तो गेलाच. जाताना विमान घेऊन गेला, हत्यारांची पेटी विसरला. अर्डिसने रॅपिड सिटीला जाऊन विमान मेकॅनिकची परीक्षा दिली. परीक्षकाने तिला विचारलं होतं, बाई, चुकून इकडे आलात का? तिने पेपर पूर्ण करून सगळ्यांच्या आधी दिला. त्याला चौतीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तिने सही केलेलं एकही विमान तिच्या कामापायी कोसळलं नव्हतं. आता वीतभर रबराने तिचं नाक कापलं होतं, आणि तेच नीट करायला तिचा स्वतःचा अंगठा तयार नव्हता.

तिने पुन्हा हात घातला. पुन्हा कळ. मग तिने हातातलं फडकं भिंतीवर फेकून मारलं, पालथ्या बादलीवर बसली आणि एक सणसणीत शिवी हासडली.

"मला दिलीस की इंजिनाला?"

दारात वेंडेल उभा होता. लसीची दुसरी थंड पेटी विमानात राहिली होती, ती न्यायला आलेला.

"दोघांनाही. उचल पेटी आणि चालता हो."

तो गेला नाही. तिच्या सोललेल्या मनगटाकडे बघत राहिला. "काय शोधत होतीस?"

तिने नाइलाजाने सांगितलं. झाकण बंद असताना त्या कोपऱ्यात पट्टी पुढे झुकलीय की मागे, तेवढंच समजायला हवं होतं. दिसत तर नाही.

"दिसायला कशाला हवं?" वेंडेलने बाही खांद्यापर्यंत वर केली. "माझं अर्धं आयुष्य न दिसणाऱ्या जागी हात घालण्यात गेलंय."

"तारा ओढू नकोस. आणि सावकाश."

"वासराचा पाय वळवताना सावकाशच जावं लागतं, बाई." त्याने झडपेतून हात आत सरकवला आणि डोळे मिटले. बोटं काय करताहेत ते त्याच्या कपाळावरून कळत होतं.

"इथे नीट आहे. पुढे झुकलीय. इथेही. तारांच्या मागे... थांब." तो थबकला. "इथे उलटलीय. गुराची पापणी आत वळते ना, तशी. चार बोटं रुंद. आणि मागे मोठं भोक. माझी दोन बोटं आरपार जातात."

"मागे उलटलीय? नक्की?"

"पापण्या शेकड्याने तपासल्यात मी."

अर्डिस उठली. क्षणात सगळं तिच्या लक्षात आलं आणि तिचा संताप आणखीनच वाढला. त्या सांध्यावर तिने वरची पट्टी मुद्दाम अंगुळभर लांब ठेवली होती. फट राहायला नको म्हणून. झाकण खाली येताना कड त्या जादा टोकाला पकडायची आणि मागे ओढून न्यायची. झाकण काढलं की रबर आपोआप सरळ! खडूची रेघसुद्धा उमटायची, फक्त ती उलट्या पट्टीच्या पाठीची. म्हणजे फट तिच्या काळजीनेच पाडली होती.

"आठ दिवस," ती म्हणाली. "अंगुळभर रबरासाठी आठ दिवस!"

"साडेचारशे गुरं," वेंडेलने भर घातली.

"मला माहीत आहे किती गुरं! हात धू आणि इकडे ये."

झाकण काढून तिने जादा टोक कापलं आणि सांधा उलटा केला, वरची पट्टी खाली, खालची वर. पण त्या कोपऱ्यात रिव्हेट दाबायची पक्कड तिला पिळवेना. दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा पक्कड हातातून निसटली. मग तिने ती वेंडेलच्या हातात दिली.

"सरळ धर. आणखी सरळ. आता दाब. हळू रे, ती गाय नाही!"

"गाय असती तर एव्हाना तुला लाथ बसली असती."

चार रिव्हेट त्याने मारले; दोन तिने काढायला लावले आणि पुन्हा मारायला लावले. मग झाकण, आणि झडपेतून पुन्हा हात. "पापणी सरळ," वेंडेलने डोळे मिटूनच जाहीर केलं.

दुपारी त्याने धावपट्टीभोवती अर्धा तास घिरट्या घातल्या. ती उन्हात उभी राहून रेडिओ ऐकत होती. "तीनशे ऐंशी," त्याचा आवाज आला. "चढतानाही तीनशे नव्वदच." तिने नुसतं "बरं" म्हटलं. आनंद व्हायला हवा होता; झाला तो फक्त थकवा आणि उरलेली चिडचिड. तिने नोंदवहीत सही केली, तीही वेडीवाकडी.

"दाखव तो अंगठा," पेटी विमानात चढवता चढवता वेंडेल म्हणाला.

"तू जनावरांचा डॉक्टर आहेस."

"म्हणूनच. पेशंट लाथ मारणार हे धरूनच तपासतो."

त्याने सांधा दाबला, किंचित फिरवला. तिने दात आवळले. "आतली गादी झिजून गेलीय," तो म्हणाला, आणि या खेपेला त्याच्या बोलण्यात चेष्टा नव्हती. "हाडावर हाड घासतंय. रॅपिड सिटीला दाखव. ऑपरेशन करतात."

"आणि तोवर हँगर कोण बघणार? तू?"

"मी पापण्या बघेन," म्हणत तो विमानात चढला.

त्या आठवड्यात त्याने अकरा रँच गाठल्या. लिंडहोमची सहा गुरं दगावली. विमान वेळेवर असतं तर ती वाचली असती की नाही, हे दोघांनीही कधी एकमेकांना विचारलं नाही. अर्डिसने ऑपरेशन ऑक्टोबरपर्यंत ढकललं, आणि नंतर हात प्लास्टरमध्ये असताना सगळा हिवाळा भेटेल त्याच्यावर डाफरत काढला. अंगठा बरा झाला, पण पहिल्यासारखा जोर आला नाही. वसंतात एका मालकाने पट्ट्या बदलायला विमान आणलं, तेव्हा तिने त्याला निघू दिलं नाही. पुठ्ठा आणि कात्री त्याच्यापुढे सरकवली.

"मी कशाला?" तो म्हणाला.

"कारण माझे हात पुरत नाहीत," अर्डिस म्हणाली. हे वाक्य तिने पहिल्यांदाच मोठ्याने उच्चारलं होतं, आणि ते तिला अजिबात आवडलं नाही. "आणि अंगुळभर जास्त कापलंस तर याद राख."