अर्धा निरोप

आमच्या इमारतीत त्याला सगळे नाकवाला म्हणायचे, आणि त्याला ते आवडायचं. गॅस एजन्सीत तो शेगड्या दुरुस्त करायच्या कामाला होता. तक्रार आली की पिशवी खांद्याला अडकवून निघायचा, गिऱ्हाइकाच्या दारात थांबायचा, डोळे मिटून एक लांब श्वास ओढायचा आणि मगच आत पाऊल टाकायचा. "काल दूध उतू गेलंय तुमच्याकडे," असं उंबऱ्यावरूनच सांगायचा. "आणि ओट्याखाली फडकं ओलंच कोंबून ठेवलंय." लोक चाट पडायचे. एकदा तळमजल्यावर उभं राहून त्यानं तिसऱ्या मजल्यावरची गॅसगळती सांगितली होती आणि ती खरी निघाली होती. त्याच्या कामाला नावं ठेवायची कुणाची टाप नव्हती.

जिभेचं मात्र विचारू नका.

शेगडी पेटत नाही, याची कारणं काही आभाळाएवढी नसतात. दोन्ही बर्नर थंड असतील तर खोट सिलिंडरकडची: रेग्युलेटर बंद असेल, सिलिंडर संपला असेल, नाहीतर नळी दुमडली असेल. एकच थंड असेल तर त्या बर्नरच्या भोकात कचरा तरी अडकलेला असतो किंवा तो धुऊन ओलाच बसवलेला असतो. एवढं सांगावं, हात पुसावे आणि घरी जावं. नाकवाला आधी घरातली माणसं गोळा करायचा.

वरच्या मजल्यावर एक मुलगी लग्न होऊन आली होती. हौसेनं तिनं शेगडी धुतली आणि ती पेटेना. नाकवाला गेला, बर्नरची झाकणी उचलली, तळहातावर उपडी केली, तर पाणी. त्यानं तिच्या सासूला बोलावलं, अंघोळीला निघालेल्या नवऱ्याला बोलावलं, आणि झाकणी त्या मुलीच्या हातात दिली.

"फुंक."

"काय?"

"पाण्यात बुडवलीस ना? मग फुंक. वाळेपर्यंत फुंकायचं."

ती आधी हसली. तिला गंमत वाटली. पण तो हाताची घडी घालून उभाच राहिला आणि सासूही काही बोलेना, तेव्हा ती फुंकायला लागली. गाल लाल झाले, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "जोर लाव, माहेरचं खाल्लेलं दिसू दे की," तो म्हणाला आणि सासू पोट धरून हसली. त्या दिवसापासून सासूनं तिचं नाव फुंकणी ठेवलं. महिनाभरात सगळी इमारत तिला त्याच नावानं हाक मारायला लागली.

परक्या घरात ही तऱ्हा, तर स्वतःच्या घरात काय असेल! हे मला त्याच्या मुलीनं सांगितलं. आम्ही दोघी एकाच शिवणाच्या कारखान्यात शेजारी शेजारी बसून कॉलर शिवतो, आणि राहतोही एकाच मजल्यावर. नाकवाला पहिला घास नाकाशी धरल्याशिवाय तोंडात घालत नसे. तेल जुनं आहे. भांडं नीट घासलेलं नाही. कांदा कापून हात धुतले नाहीस. मग ताट पुढे सरकवायचं आणि बायकोनं ते उचलून पुन्हा सगळं करायचं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्यानं तिला सांगितलं होतं, "तुझ्या अंगाला स्वयंपाकघराचा वास मारतो, लांब झोप." तेव्हापासून ती ओट्याशेजारी चटई टाकून झोपत आली. स्वयंपाकघराचा वास मारतो म्हणून स्वयंपाकघरातच. मुलगी म्हणायची, "आईनं कधी तोंड वर केलं नाही. मुकी गाय आहे म्हण ना."

मग एकदा नाकवाल्याला जबरदस्त सर्दी-ताप झाला. ताप उतरला, सर्दी गेली, पण जाताना नाकातला वास घेऊन गेली. त्यानं कुणाला सांगितलं नाही. पिशवीत साबणाच्या पाण्याची बाटली ठेवायला लागला. नळीला पाणी लावायचं, फुगे आले तर गळती. गिऱ्हाइकांना सांगायचा, "एजन्सीचा नवा नियम आहे." दारात थांबून श्वास ओढायची सवय मात्र सोडली नाही. उलट पूर्वीपेक्षा जास्त वेळ थांबायचा.

बायकोला कळलं ते दुधावरून. दूध उतू गेलं, करपलं, सगळ्या खोल्या करपट वासानं भरल्या. एरवी त्यानं घर डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी तो दरवाजाकडे तोंड करून पेपर वाचत बसला होता आणि त्यानं पानसुद्धा खाली केलं नाही. बायको पातेलं हातात घेऊन त्याच्या मागे येऊन उभी राहिली. तरी नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं ज्या फडक्यानं न्हाणीघर पुसलं, त्याच फडक्यानं त्याचं ताट पुसलं. त्यानं ताट उचललं, नाकाशी नेलं, मान डोलावली.

"आता कसं! असं स्वच्छ पाहिजे."

ती स्वयंपाकघरात गेली आणि तोंडावर हात दाबून हसली. मुलीनं आईला असं हसताना जन्मात पाहिलं नव्हतं. ती घाबरून आत धावली. आईला काहीतरी झालंय असंच तिला वाटलं. आईनं तिच्या कानात सांगितलं, आणि मग मुलगीही हसली.

पुढे ते रोजचंच झालं. खवट तेलात तळलेली अंडी, ओल्या गोणपाटावर सांडून गोळा केलेला भात, भांडी घासायच्या पाण्यात बुडवलेला चमचा. तो प्रत्येक घास हुंगायचा आणि काहीतरी ठोकून द्यायचा. "मिरी जास्त झालीय." "आज बरं जमलंय." दोघी समोर बसून गंभीर चेहऱ्यानं ऐकायच्या. एकदा त्याचं पोट बिघडलं, तो दोन दिवस आडवा पडला, आणि बायकोनं त्याला औषध आणून दिलं. बरा झाल्यावर पुन्हा तेच.

मुलगी एक पाऊल पुढे गेली. रिकाम्या अत्तराच्या बाटलीत तिनं नळाचं पाणी भरलं आणि त्याच्यासमोर धरलं.

"बाबा, नवीन आणलंय. कसलं आहे ते ओळखा ना."

त्यानं बाटली नाकाशी धरली. मग बाटलीऐवजी तिच्या तोंडाकडे बघायला लागला. ती काही बोलेना.

"गुलाब," तो म्हणाला.

"अगदी बरोबर!"

त्याचा जीव भांड्यात पडला. तो हसला, नको तेवढं हसला. मशीन थांबवून मुलीनं मला सांगितलं, "भिकाऱ्यासारखा बघत होता गं माझ्याकडे. एक शब्द द्या, असं."

"मग?"

"मग काय? दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. पाणी तेच, नुसती बाटली बदलली."

ज्या सुट्टीच्या दिवशी ते घडलं, त्या दिवशी सकाळी वरची मुलगी त्यांच्या दारात आली. नाकवाला आत दाढी करत होता. बायकोनं दार उघडलं. नाकवाल्याची मुलगी तिच्या मागे उभी होती.

"काकू, काकांना जरा वर पाठवता का? गॅस पेटत नाहीये. आणि वासही येतोय मघापासून. घरात कुणी नाही, मला भीती वाटतेय."

"पाठवते," बायको म्हणाली. दार लावून ती आत गेली आणि नवऱ्याला म्हणाली, "अहो, वरच्या मुलीचा गॅस पेटत नाहीये."

एवढंच. वासाचं काही बोलली नाही. मुलीनं आईकडे पाहिलं. आई हात पुसत होती. मुलीनंही तोंड उघडलं नाही.

"आईला त्याला मारायचं नव्हतं," मुलगी मला म्हणाली. "तिला फक्त त्याचं नाक कापलेलं बघायचं होतं. त्या पोरीनं म्हणावं, काका, एवढा वास सुटलाय आणि तुम्हाला येत नाही? ती सगळीकडे बोंबलली असती. काडी पेटेल हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. निदान माझ्या तरी."

फुंकणीकडेच जायचंय हे कळल्यावर नाकवाला खुशीत आला. "काय बुडवलंय बघू आज," म्हणाला. वरच तर जायचंय, पिशवी कशाला? साबणाची बाटली पिशवीतच राहिली. बायकोही त्याच्या मागे जिन्यापर्यंत गेली. वरचं ऐकू यावं म्हणून पायऱ्यांवर उभी राहिली.

वर काय झालं ते वरच्या मुलीनं पुढे सगळ्यांनाच सांगितलं. शेगडीच्या मागे नळी तोटीवरून अर्धी निसटली होती. गॅस बर्नरपर्यंत नीट पोचतच नव्हता, खाली फरशीवर साठत होता. मुलीनं खिडकी उघडून ठेवली होती.

"काका, वास येतोय ना?"

"कसला वास?" तो दारात थांबला, श्वास ओढला. "काही वास नाही. बायकांना उगाच भास होतात. खिडकी लाव आधी, वाऱ्यानं ज्योत टिकायची नाही."

"पण काका, मला खरंच येतोय."

"माझ्यापेक्षा तुझं नाक मोठं का?"

तिनं खिडकी लावली. त्यानं झाकणी उचलून पाहिली, ती कोरडी होती. म्हणाला, "शिकलीस म्हणायचं." भोकात पिन घातली, रेग्युलेटर बंद आहे का बघितलं. तो चालूच होता, तसाच ठेवला. हे सगळं होईपर्यंत गॅस खाली वाहतच होता. मग त्यानं तिच्याकडे काडेपेटी मागितली. ती द्यायला पुढे आली, म्हणून तिचा हात ओट्याच्या कडेला होता.

त्यानं काडी ओढली आणि भडका खालून उठला. नाकवाल्याच्या भुवया, मिशी, गाल, दोन्ही हात भाजले. वरच्या मुलीचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. पायऱ्यांवरून सगळ्यांत आधी धावली ती त्याची बायको. तिनंच रेग्युलेटर बंद केला, तिनंच मुलीचा हात नळाखाली धरला. नवरा मागे फरशीवर बसून ओरडत होता. त्याच्याकडे ती नंतर वळली.

एजन्सीचा माणूस इस्पितळात आला तेव्हा नाकवाल्याच्या तोंडावर पट्ट्या होत्या, पण ओठ मोकळे होते.

"खिडकी बंद होती," नाकवाला म्हणाला. "इतकी साधी गोष्ट. आजकालच्या पोरींना अक्कल नाही."

"तिला वास येत होता. तुम्हाला आला नाही?"

त्या माणसानं खिशातली औषधाची उग्र वासाची कुपी उघडून पट्ट्यांतून उघड्या राहिलेल्या नाकपुडीखाली धरली. "हे काय आहे?"

नाकवाल्याचे डोळे बायकोला शोधायला लागले, मग स्वतःच्या मुलीला. दोघी पलंगाच्या पायाशी उभ्या होत्या. कुणी ओठ हलवले नाहीत.

"गुलाब," तो म्हणाला.

त्या माणसानं कुपी खिशात ठेवली आणि बायकोला विचारलं, "घरी कुणाला माहीत होतं?"

"नाही," ती म्हणाली. "ते आम्हाला कधी काही सांगत नाहीत."

तिथंच त्याची नोकरी संपली. संध्याकाळी बायको घरून कपडे आणायला गेली तेव्हा त्यानं मुलीला जवळ बोलावलं.

"तुम्हाला ठाऊक होतं."

"हो."

"कधीपासून?"

"दूध करपलं होतं तेव्हापासून."

"मी अत्तर ओळखलं तेव्हा?"

"पाणी होतं ते, बाबा."

मला वाटलं होतं, तो रडला असेल, किंवा शिव्या दिल्या असतील. मुलगी म्हणाली, नाही. म्हणाला, "उशी सरकव. मान दुखतेय." तिनं उशी सरकवली.

वरच्या मुलीचा हात बरा झाला, पण कातडी आखडून बोटं वळेनाशी झाली. तिला पेला धरता येईना, कपडे पिळता येईनात. नाकवाल्याची बायको रोज सकाळी वर जाऊन तिचा स्वयंपाक करून यायची. न बोलावता, न थकता. सासूला ते फुकटचं बरंच वाटलं, पण घरात लुळ्या हाताची सून ठेवायची तिची तयारी नव्हती. "आधीच फुंकणी, त्यात आता थोटी," असं ती जिन्यात उभं राहून सांगायची. मुलीचा नवरा ऐकून घ्यायचा. शेवटी थोडे दिवस आराम कर म्हणून तिला माहेरी धाडायचं ठरलं, आणि थोडे दिवस म्हणजे किती, हे कुणी बोललं नाही.

जायच्या दिवशी तिची पेटी नाकवाल्याच्या बायकोनंच उचलून खाली आणली. मी फाटकाशी होते. मुलीनं डाव्या हातानं तिला मिठी मारली आणि रडत रडत म्हणाली, "काकू, या इमारतीत माझं असं एकच माणूस होतं. तुम्ही नसतात तर मी त्याच दिवशी मेले असते."

काकूनं मुलीचे केस कानामागे सारले, पेटी रिक्षात ठेवली, आणि रिक्षावाल्याला सांगितलं, "सावकाश न्या, तिला धरून बसता येत नाही." रिक्षा वळली. ती तशीच उभी राहिली, तोंड किंचित उघडं, वाक्य अर्धवट राहिल्यासारखं. मग वरून नवऱ्यानं खिडकीतून हाक मारली, चहा हवाय म्हणून, आणि ती जिना चढायला लागली.