पाच रिळं, चार आवाज

पहिलं रीळ संपत आलं होतं आणि मला पडद्याच्या कोपऱ्यातली खूण दिसत नव्हती.

सिनेमाची रिळं दोन प्रोजेक्टरवर आलटून पालटून चालतात. रीळ संपण्याआधी पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात क्षणभर ठिपका चमकतो. तो दिसला की दुसरं मशीन सुरू करायचं, हा चेंजओव्हर. चुकलं तर पडदा पांढरा आणि हॉलभर शिट्ट्या.

आमच्या नागपुरातल्या फिल्म सोसायटीने इटलीच्या एका दिग्दर्शकाच्या गौरवाचा खेळ ठेवला होता. महायुद्धानंतर कॅमेरा रस्त्यावर नेऊन साध्या माणसांकडून काम करून घेणारा माणूस. दुपारचा शो, हॉल भरलेला. मी रिटायर्ड ऑपरेटर. डोळ्यांत मोतीबिंदू वाढलेला, पण सांगायची लाज वाटली. सांगितलं असतं तर हा शेवटचा मान हातचा गेला असता.

तेवढ्यात मशीनखाली टन्न वाजलं. माझा हात आपोआप गेला. चेंजओव्हर बिनचूक.

मग अंगावर काटा आला. माझे उस्ताद, उमरेडचे वामनराव, रीळ गुंडाळताना शेवटाजवळ एक नाणं सरकवून ठेवत. फिल्म उलगडत तिथवर आली की नाणं खाली पडे, की सावध व्हायचं. त्याने फिल्मवर ओरखडे येतात म्हणून मी ते केव्हाच सोडलं होतं. आजची रिळं सकाळी मीच गुंडाळली होती. आणि वामनरावांना जाऊन कैक वर्षं झाली.

दुसरं, तिसरं, चौथं. प्रत्येक वेळी टन्न. मी पडद्याकडे बघणंच सोडलं, नुसता कान देऊन उभा राहिलो. आवाजाची भीती वाटत होती, आणि तो आला नाही तर काय, याची त्याहून जास्त.

पाचव्यात आवाज आला नाही. पुढे बदलायला रीळच नव्हतं.

शो संपल्यावर सोसायटीचा सेक्रेटरी सुहास वर प्रोजेक्टरच्या खोलीत आला. "काका, एक नंबर! पुढच्या महिन्यात बी तुम्हीच."

"नाही गा. मले खूणच दिसत नाही. जुना आवाज कानात वाजून राहिला होता, त्याच्यावर चालवलं."

तो हसला नाही. "कानात काहून, काका? मागच्या रांगेवाले तक्रार करून राहिले. वर चारदा नाणं पडलं म्हणे. प्रिंट खराब तर नाही झाली ना?"

आम्ही दोघांनी टॉर्च लावून फरशी धुंडाळली. नाणं नव्हतं. फिल्मवर ओरखडाही नव्हता.

पुढच्याच आठवड्यात मी ऑपरेशन करून घेतलं. आता ठिपका स्वच्छ दिसतो. कामावरच्या माणसाने आपली अडचण लपवली की तिचं ओझं दुसऱ्यावर पडतं. माझ्या बाबतीत ते गेलेल्या माणसावर पडलं.