बुलबुल, मुंगूस आणि बाई

बाईंसमोर कुठल्याही दोन गोष्टी ठेवा, त्या पहिल्यांदा विचारायच्या, "यांच्यात सारखं काय हाय?" फरक कुणालाही दिसतो, असं त्यांचं म्हणणं. त्या माझ्या आत्या. पण आख्ख्या आष्टी गावाला शिकवलेलं, म्हणून घरातही आम्ही त्यांना बाईच म्हणायचो.

मी चौथीत त्यांच्याच वर्गात होते. एकदा त्यांनी तुलनेला बुलबुल आणि मुंगूस दिलं. शाळेच्या कुंपणात दोन्ही दिसायची. आम्ही सांगून टाकलं, बुलबुल गातो म्हणून चांगला, मुंगूस पिल्लं खातं म्हणून वाईट. बाई म्हणाल्या, "बुलबुल बी किडे खातो, मुंगूस बी किडे खातं. मंग त्या किड्यालाच इचारा, चांगलं कोण."

त्याच आठवड्यात मुंगसानं कुंपणाच्या मेंदीतल्या घरट्यातली बुलबुलाची पिल्लं नेली. मी दगड उचलला. बाईंनी माझं मनगट धरलं. "मारू न्हाई. तिकडं दगडाच्या ढिगात त्याची बी पिल्लं हायेत, मी पाह्यलीत." आवाज शांत होता, डोळे भरलेले. बुलबुलाची जोडी दिवसभर ओरडत राहिली. त्या दिवशी बाईंचा डबा भरलेलाच घरी आला.

त्यांच्यामुळेच मी शिक्षिका झाले. मागच्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. हात सुधारला, शब्द मात्र निसटले. समजायचं सगळं, तोंडातून भलतंच यायचं. पाणी हवं असलं की "खडू" म्हणायच्या. डॉक्टरांनी सांगितलं, बोलतं ठेवा. मी चित्रांचा तक्ता आणला आणि बुलबुलावर बोट ठेवलं.

"मुंगूस," बाई म्हणाल्या.

"न्हाई बाई, बुलबुल. म्हणा परत."

"मुंगूस."

चुकलं हे त्यांना माझ्या चेहऱ्यावरून कळायचं. तरी शाळेतून आले की रोज तासभर मी हेच घ्यायची. मला वाटायचं, मी त्यांना बरं करतेय.

एका दुपारी त्या ओसरीत बाजेवर बसल्या होत्या. समोरच्या तारेवर खराच बुलबुल येऊन बसला. कित्येक दिवसांनी बाईंचा चेहरा खुलला. मला बोटानं दाखवत त्या म्हणाल्या, "मुंगूस."

"बुलबुल, बाई," मी सवयीनं म्हणाले.

त्यांचं बोट हळूहळू खाली आलं. माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

त्यानंतर बाई अडीच महिने जगल्या. एक शब्दही बोलल्या नाहीत. मी पायाशी बसून माफी मागितली, तेव्हा माझ्या डोक्यावरून हात फिरवला, इतकंच.

त्या दुपारी मला नुसतं "हो, बाई" म्हणता आलं असतं.