कामेनच्या पाणपोईचं बटण

नाव: नेवेना गेर्गिनोवा. हुद्दा: साहाय्यक प्राध्यापक, जलसंधारण व शाश्वतता विभाग, सोफिया. वय: पन्नाशीच्या पुढे, बढतीच्या अलीकडे. विशेष प्रावीण्य: अनावश्यक प्रवाहाचे नियंत्रण. उल्लेखनीय कामगिरी: मौजे सुहोदोल येथील एका सार्वजनिक पाणपोईवर शंभर टक्के जलबचत. विभागाच्या इतिहासात असा आकडा दुसरा नाही.

सुहोदोल म्हणजे आमचं गाव. पाणपोई सार्वजनिक आहे हे खरं, पण ती कामेनची आहे. कामेन हा नेवेनाचा धाकटा भाऊ. स्पेनला टोमॅटो तोडायला गेला आणि एका जुलैत ऊन लागून तिथेच आटोपला. सोबतची पोरं सांगत आली की शेवटी पाणी मागत होता. त्यांनी हे सांगायला नको होतं. त्याच्या आईने, योर्दाआजीने, द्राक्षमळा विकला, गावाबाहेरच्या चढावर त्याच्या नावाची दगडी पाणपोई बांधली आणि वरच्या झऱ्याचं पाणी तिच्यात आणलं. आमच्याकडे गेलेल्या माणसाची सोय अशीच करतात. इथे धार वाहते तेवढं त्याला तिकडे प्यायला मिळतं. म्हणून धारेला तोटी नसते. ती रात्रंदिवस वाहते.

पुढे पावसाने पाठ फिरवली. घरचे नळ सकाळी तासभर यायचे, जलकंपनीच्या मनात असलं तर संध्याकाळीही. जिवंत माणसं बादल्या भरून ठेवत होती आणि मेलेली चोवीस तास पीत होती. ही गोष्ट गावात सगळ्यांना दिसत होती. मोठ्याने बोलली ती नेवेना. विद्यार्थ्यांचं शिबिर घेऊन आली, धारा मोजल्या आणि शाळेत गाव जमवून म्हणाली, "प्रत्येक पाणपोईला दाबायचं बटण बसवू. उरलेलं पाणी गावच्या टाकीत जाईल."

मग खानावळवाला दोब्री म्हणाला, "कल्पना झकास आहे, बाई. सुरुवात तुमच्या कामेनपासून करा."

त्या संध्याकाळी योर्दाआजी अंगणात घेवडा सोलत होती. मी कुंपणाच्या अलीकडे होतो. आमच्याकडे कुंपण ऐकू येण्याइतकंच उंच असतं.

"आई, ते पाणी ओढ्यात जातं गं. वाया जातं."

"वाया कसं? त्याच्याकडे जातं."

"गावात पाळण्यातली पोरं आहेत. त्यांना अंघोळीला पाणी नाही."

"मग दुसऱ्या कुणाचं बंद कर. सगळ्यांचे मेलेत की."

"दुसरे म्हणतात आधी तुमचं." नेवेनाने एक शेंग उचलून सोलली. "आई, बंद नाही करत. बटण दाबलं की येणारच. ज्याला तहान लागेल त्याने दाबायचं."

"त्याने कोणत्या हाताने दाबायचं?"

बटण मात्र त्याच आठवड्यात बसलं. सोबत एक मीटर बसला, जो धारेचा हिशेब परस्पर सोफियाला कळवायचा. त्या दाखल्यावर बाकीच्या घरांनी कुरकुरत होकार दिला, आणि खरं सांगायचं तर त्या उन्हाळ्यात नळ दुपारपर्यंत चालले. पोरांना अंघोळी मिळाल्या. नेवेनाचं काम खोटं नव्हतं.

योर्दाआजी रोज सकाळी स्टूल घेऊन चढ चढायची आणि बटणावर अंगठा ठेवून बसायची. बटण सोडलं की धार बंद, म्हणून सोडायची नाही. अंगठा दुखला की दुसरा.

"काय आजी, नोकरीला लागलात वाटतं," दोब्री जाता जाता म्हणायचा.

"तुझ्या खानावळीपेक्षा बरी. इथे गिऱ्हाईक तरी तहानलेलं आहे."

सोफियात मीटर हे सगळं सांगत होता. विभागाच्या तक्त्यावर सगळ्या पाणपोया सुधारल्या, प्रमुख संशोधकाच्या, म्हणजे नेवेनाच्या, घरचीच तेवढी मागे. नेवेनाच्या वरिष्ठांनी तिला याबद्दल सभ्यपणे विचारलं. तिने फोनवर आईला सभ्यपणा सोडून विचारलं. योर्दाआजीने फोन ठेवून दिला.

दुसऱ्या वर्षी सप्टेंबरात मीटर शून्यावर आला आणि शून्यावरच राहिला. नेवेनाला वाटलं, आई अखेर नमली. तिने मुद्दाम फोन केला. ही हकीकत योर्दाआजीनेच मला सांगितली.

"आता दाबत नाहीस ना गं?"

"दाबते."

"आई, मला इथे दिसतं."

"तुला तिथे दिसतं, तर मला कशाला विचारतेस?"

म्हातारीचा हट्ट, असं समजून नेवेनाने विषय बदलला. इकडे योर्दाआजीने दोब्रीला धरलं. "पाणी येत नाही रे."

"बटण घट्ट झालं असेल, आजी. जोर लावा."

तिने जोर लावला. मग घरून बाटली भरून न्यायला लागली. कामेनच्या नावावर ती ओतायची आणि उतरून यायची. त्या दिवसांत नळ आठवड्यातून दोनदा येत होते. कंपनीने दुरुस्तीचं कारण दिलं होतं, आणि दुरुस्ती म्हटलं की आमच्याकडे पुढे कोणी विचारत नाही. बाटलीकडे पाहून आम्ही म्हणालो, वय झालं. नोव्हेंबरात ती बाटलीसकट चढावर पडली, खुबा मोडला, आणि इस्पितळातून परत आली ती पेटीतून.

चाळिसाव्या दिवशी, आमच्या रिवाजाप्रमाणे, नेवेनाने गेलेल्या आईच्या नावाने उकडलेले गहू वाटले. मग पिशवीतून पाना काढला आणि आम्हा चार माणसांना घेऊन चढावर गेली. आता तिकडे पिणारे दोघं होते, कामेन आणि आई. तिने स्वतःच्या हाताने बटण उपसून काढलं. दोब्री पेला धरून उभा राहिला.

आम्ही वाट पाहिली.

"हवा अडकली असेल," दोब्री म्हणाला.

नेवेनाने भोकात बोट घातलं, ते बाहेर काढून पाहिलं. बोटाला कोरडी माती लागली होती.

विभागाच्या तक्त्यावर ती पाणपोई अजून पहिली आहे. झरा सप्टेंबरातच आटला होता.