कावळ्याचा पाहुणा

अमरावतीच्या राजापेठेतल्या सुंदराबाईंच्या कुंपणावर कावळा ओरडला की अख्ख्या गल्लीच्या तोंडाला पाणी सुटे. कारण कावळा म्हणजे पाहुणा, आणि पाहुणा म्हणजे पातोडीचा रस्सा. बाई लगेच पातोडीच्या वड्यांसाठी बेसन भिजवत. जेवणवेळेपर्यंत कोणी फिरकलंच नाही, तर सिलिंडरवाल्याला किंवा समोरच्या अय्युब टेलरला हाताला धरून पानावर बसवत आणि वर विचारत, "आला का नाई पाव्हणा?" वीस वर्षांत त्यांचा कावळा एकदाही चुकला नव्हता.

सून पौर्णिमा अकोल्याची, कॉलेजात मानसशास्त्र शिकवणारी. तिने गोडीगुलाबीने समजावून पाहिलं. खरं ठरलेलं तेवढं मन जपून ठेवतं, फसलेलं विसरून जातं, आणि ओढून आणलेला माणूस काही पाहुणा नसतो. सुंदराबाई पैज लावून मोकळ्या झाल्या. उद्या कावळा ओरडूनही कोणी आपल्या पायांनी आलं नाही, तर पुन्हा कावळ्याचं नाव काढणार नाही. बोलावलेला माणूस बाद.

रविवारी कावळा तर नरडं फाटेस्तोवर ओरडला. बाई ठेवणीतली साडी नेसल्या, पातोड्या थापल्या आणि फाटकाशी खुर्ची टाकून बसल्या. अकरा वाजले, बारा वाजले. रश्श्याच्या वासाने अय्युबभाई दोनदा खाकरत समोरून गेले, पण बाईंनी पैजेला जागून तोंड फिरवलं. एक वाजला तशी त्यांची मान खाली गेली. पौर्णिमा जिंकत होती आणि तिला ते मुळीच सोसवेना. शेवटी ती गच्चीवर गेली आणि वडिलांना फोन लावला. मिळेल त्या गाडीने या, आणि मी बोलावलं हे सांगू नका.

साडेचारला खुशालराव फाटकात हजर. सुंदराबाईंना हर्षाने काय करू नि काय नको असं झालं. बाबा बोलून जातात की काय, म्हणून पौर्णिमाचा जीव खालीवर. खुशालरावांनी तिसरी वाटी रस्सा संपवला आणि मिशा पुसल्या.

"विहीणबाई, सकाळपासून मले उचक्या लागून राहिल्या होत्या. मी तवाच समजलो, अमरावतीत कोणी आठवण काढून राहिलं."

पौर्णिमाने वडिलांकडे निरखून पाहिलं. ते थाप मारत नव्हते. त्यांना आता तसंच आठवत होतं. हसू दाबता दाबता तिला ठसका लागला.

सोमवारी सकाळी पुन्हा कावळा ओरडला. सुंदराबाई न्हाणीत होत्या. पौर्णिमाने इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच वाटीभर बेसन भिजवायला घेतलं.