मुनीरला राग शिकवला तेव्हा

मुनीर पठाण ज्याला पाडायचा, त्याची पाठ झाडायचा. त्याच्या गावच्या, कुरुंद्याच्या मातीच्या मैदानावर लागलेली सवय. समोरचा उठला की त्याच्या पाठीवरची धूळ हातानं झटकायची आणि विचारायचं, "लागलं न्हाई ना?" पुढं आम्ही दोघं मोठ्या शहरातल्या व्यावसायिक कबड्डी संघात गेलो. तिथं सगळा खेळ मॅटवर, धुळीचा कण नाही. तरी हा पाठ झाडायचाच. समोरचे खेळाडू चमकून मागं बघायचे.

मी सेनगावचा. संघात हिंगोली जिल्ह्याचे आम्ही दोघंच, म्हणून एका खोलीत राहायचो. मी डाव्या कोपऱ्यात पकडी करायचो, तो चढाईला जायचा. मी चार वर्षांनी मोठा, म्हणून तो मला गजाभाऊ म्हणायचा. अंगानं दांडगा, पण स्वभाव असा की जेवणाच्या रांगेत कुणीही त्याच्या पुढं घुसावं. "घुसू द्या. त्याला भूक जास्त लागली असंल," एवढंच म्हणायचा.

पहिल्या वर्षी तो छान खेळला. पण संघाची जाहिरात बघणारे साहेब खूश नव्हते. त्यांनी आम्हा दोघांना बोलावून घेतलं. "हा गुण घेतो आणि मान खाली घालून परत येतो," ते मला म्हणाले. "टीव्हीवर राग दिसला पाहिजे. मांडी थोपटायची, बोट दाखवायचं. तुम्ही मित्र आहात, शिकवा त्याला."

मुनीर खोलीवर येऊन आरशासमोर उभा राहिला. बराच वेळ स्वतःकडं बघून म्हणाला, "गजाभाऊ, राग येतो तवा भुवया वर जातात का खाली?"

मी हसून हसून लोळलो. मग खरंच शिकवायला बसलो. छाती कशी काढायची, मांडीवर पंजा कसा मारायचा म्हणजे आवाज लांबवर जातो, सगळं. आठवडाभर आमच्या खोलीत तेच चाललं होतं. खालच्या मजल्यावरून तक्रारही आली.

दुसऱ्या वर्षी लोकांनी नवा मुनीर पाहिला आणि तो त्यांना फार आवडला. आवडला नाही तो फक्त त्याच्या अम्मींना. त्या कुरुंद्याला टीव्हीवर सामने बघायच्या आणि फोन करायच्या. "उने तेरा क्या बिगाडा था रे? उसके आंग पे काहे को गया?" मुनीर सुरुवातीला समजावायचा, पुढं पुढं हसून फोन ठेवू लागला. एकदा भाकरी गार आली म्हणून तो वाढणाऱ्या माणसावर ओरडला. भुवया बरोबर खाली आल्या होत्या. मला ते आवडलं नाही, पण मी काही बोललो नाही.

त्याच वर्षी संदीपचा सामना झाला. संदीप नाशिककडचा बचावपटू, नुकताच बाप झालेला. त्यानं मुनीरचा घोटा धरला, मुनीरनं झटका दिला आणि रेषा गाठली. संदीप पडून राहिला. मुनीर वळला, त्याच्या डोक्याशी उभा राहिला, दोनदा मांडी थोपटली आणि बोट दाखवलं. लोक उभे राहिले. मीही मागून टाळ्या वाजवत होतो. मग संदीपचा गुडघा दिसला. तो नको त्या बाजूला वळला होता.

दुसऱ्या दिवशी मुनीर दवाखान्यात निघाला. "येता का, गजाभाऊ?"

मी सरावाचं निमित्त सांगितलं. तासाभरात तो परत आला आणि बूट न काढता खाटेवर बसला.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, पडल्यावर मला फक्त तुझा पाय दिसत व्हता. अन् मांडीचा आवाज आला." मग म्हणाला, "मी माफी मागितली. तो म्हणाला, राग न्हाई, पण आता इथं बसू नको."

पुढच्या सामन्याच्या जाहिरातीला साहेबांनी नेमका मुनीर संदीपच्या डोक्याशी उभा असल्याचा फोटो निवडला. मुनीरनं तो काढायला सांगितलं, त्यांनी ऐकलं नाही. "मग मी खेळतो, पण मांडी थोपटणार न्हाई," तो म्हणाला. त्याला समजवायला पुन्हा मलाच पाठवलं आणि मी गेलो.

"अरे, ते नाटक असतं. सगळ्यांना ठाऊक आहे."

"मलाबी तसंच वाटलं व्हतं," मुनीर म्हणाला. "पण त्या भाकरीवाल्यावर वरडलो तवा समोर कोणता टीव्ही व्हता? मी काय होऊन राहिलो, तुमाला दिसलं न्हाई का?"

दिसलं होतं.

उरलेले सामने तो गप्प खेळला. गुण मिळवत होता, तरी लोक हुर्यो करायचे. पुढच्या वर्षी संघानं त्याला बोलावलं नाही. मी राहिलो. आणखी तीन वर्षं मी मांड्या थोपटल्या, आणि खेळणं थांबल्यावर त्याच संघात सहायक प्रशिक्षक झालो.

यंदा संघाला जाणता चढाईपटू हवा होता. मी मुनीरचं नाव सुचवलं आणि स्वतः कुरुंद्याला गेलो. तो शेतात शिजलेली हळद उन्हात पसरवत होता. मला बघून हात पुसत आला, सावलीत बसवलं, पाणी दिलं. माझं सगळं बोलणं त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"संदीपला इचारलं का?" तो म्हणाला.

"त्याला कशाला? तो खेळूच शकत नाही आता."

"खेळायला न्हाई. पकडी शिकवायला. त्याच्यासारखा घोटा धरणारा तुमच्याकडं कोन हाय? मी दर महिन्याला बोलतो त्याच्याशी. पहिलं वर्षभर उचलत नव्हता, आता उचलतो." मग माझ्याकडं बघून त्यानं विचारलं, "तुमी कवा बोललात?"

मी एकदाही बोललो नव्हतो. माझ्याकडं त्याचा नंबरसुद्धा नव्हता.

"मी येत न्हाई, गजाभाऊ. मला हितं बरं हाय. त्याला न्या." त्यानं आपल्या फोनवर नंबर लावला आणि फोन माझ्या हातात दिला.

"बोल मुनीर," पलीकडून आवाज आला.

मी माझं नाव सांगितलं. संघाचं, नोकरीचं, सगळं तोंडाशी येऊन अडकलं.

"आधी गुडघ्याचं इचारा," मुनीर हळूच म्हणाला आणि मला एकट्याला सोडून हळदीकडं निघून गेला.